एमआयडीसीतला चंद्र

अंधेरीच्या एमआयडीसीत, खाकऱ्याच्या कारखान्यावरच्या गाळ्यात अस्मिता आणि डेल्रॉयने एक चंद्र पाळला होता. स्टीलच्या टाकीतली सगळी हवा उपसायची, आत ताटलीत चंद्रावरच्यासारखी बारीक धूळ पसरायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. खऱ्या चंद्राला हवेचं पांघरूण नाही. अवकाशातले विद्युतभारित कण थेट जमिनीवर आदळतात, अंधाऱ्या बाजूला शेकडो व्होल्टचा ऋण भार साचतो आणि धूळ आपोआप उडायला लागते. मग ती यानाच्या सांध्यांत शिरते, काचांना चिकटते. हा भार मोजणारं यंत्र दोघांनी वर्षानुवर्षं खपून बनवलं होतं. त्या दुपारी निवड समिती येणार होती. धूळ उडाली आणि यंत्राने ती टिपली तर ते चंद्रावर जाणार, नाही तर भंगारात.

आणि सकाळपासून धूळ ढिम्म हलत नव्हती. बारा व्होल्टच्या पुढे भार चढेच ना.

"वाट लागली यार," डेल्रॉय म्हणाला. "गेल्या आठवड्यात कशी झकास उडत होती!"

"मग मधे काय बदललं?"

"काय नाय गं. तुझा दसरा झाला, बस."

डेल्रॉय मरोळ गावठाणातला ख्रिस्ती, पण यंत्राच्या पूजेला झेंडूचा हार त्यानेच आणला होता. पूजा अस्मिताची, आणि तिचा हात भारी सढळ. टाकी उघडी ठेवून, मूठभर कापूर पेटवून तिने आरती थेट ताटलीवरून ओवाळली होती.

अस्मिता चमकली. तिने टाकी उघडली. ताटलीतला भार टाकीत उतरू नये म्हणून खाली चिनीमातीची पांढरी कडी बसवली होती. तिच्यावरून फडकं फिरवलं, तर फडकं काळं!

"काजळी रे! कापराची! म्हणजे कोळसाच की. सगळा भार यातूनच पळतोय."

आपल्याच भक्तीने घात केला, या विचाराने तिला हसावं की रडावं कळेना. कडी स्पिरिटने लख्ख घासून तिने पंप सुरू केला. हवा उपसून होण्याआधीच समिती येऊन थडकली. डेल्रॉयने खालून गरम खाकरे आणले आणि पाहुण्यांना आग्रह कर-करून वाढले.

अखेर झोत सुटला. पन्नास, शंभर, तीनशे व्होल्ट! एक कण उडाला, दुसरा उडाला आणि फोडणीतल्या मोहरीसारखी अख्खी ताटली तडतडली. पडद्यावर यंत्राची रेषा उडीला उडी देत नाचू लागली. अस्मिताचा ऊर भरून आला.

समितीप्रमुख रत्नप्रभाबाई मात्र हसल्या नाहीत. "एवढा उशीर का?"

अस्मिताने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. कापरासकट.

"उड्डाणाआधी आम्हीही नारळ फोडतो," बाई सावकाश म्हणाल्या. "तुमच्या यंत्राजवळ फुटणार नाही, एवढं मी बघेन."

अर्थ आधी डेल्रॉयच्या डोक्यात शिरला.

"अगं, जातंय ना आपलं! चंद्रावर जातंय!" तो असा ओरडला, की खालच्या खाकरेवाल्या बायका लाटणी हातात घेऊनच धावत वर आल्या.