एकशे वीस ग्रॅम जास्त

पार्सल ऑफिसातल्या खिडकीमागे एकवीस वर्षं बसून काटेसाहेबांचा हातच काटा झाला होता. खोकं उचललं की ते वजन सांगायचे, आणि यंत्र मागाहून मान डोलवायचं. गिऱ्हाईक कोणीही असो, त्यांचा प्रश्न एकच: "आत काय आहे ते खरं सांगा." कोणी चाचरला की त्यांना लगेच कळायचं. 'काटेसाहेब' हे नाव ऑफिसातल्यांनी दिलं आणि घरच्यांनी उचललं.

सायकलला सामान बांधून दोन-तीन दिवस भटकायचं आणि रात्री तंबू ठोकायचा, हा नाद त्यांना आणि त्यांच्या मेहुण्याला एकदमच लागला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पुस्तकं बांधायचा धंदा, बोटांना कायम खळीचा वास. वजन वाचवायला काटेसाहेबांनी दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला, चमच्याला भोकं पाडली.

"नशीब माझं, हा नाद लग्नानंतर लागला," बायको म्हणायची. "आधी लागला असता तर मला काट्यावर उभी करूनच होकार दिला असता."

पण यंदा ती हसत नव्हती. मेहुणा न्यूमोनियाने दोन महिने अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी आता 'जपून जा' म्हटलं, तसा तो लहान मुलासारखा हट्टाला पेटला. बहिणीने नवऱ्याला बाजूला घेतलं. "जाऊ दे त्याला. पण त्याच्या छातीला गारठा लागता कामा नये. अंथरायची गादी चांगली बघून घ्या. तुमच्या भरवशावर पाठवतेय."

दुकानात दोन गाद्या पसंत पडल्या. दोन्ही हवा भरायच्या, गुंडाळल्या की पाण्याच्या बाटलीएवढ्या. दुकानदार बाईने एकेक काटेसाहेबांच्या हातात दिली.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले. मग दुसरी. "चारशे साठ."

"अगदी बरोबर!" बाई चकित झाली. "जड आहे तिच्या आत ऊब धरणारा पापुद्रा आहे. हलकीत नुसती हवा. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते बघा. गार जागी झोपणार असाल तर जडच घ्या. पण तीही आता एकच उरलीय."

मेहुणा तेव्हा पलीकडे एका फोमच्या गादीवर आडवा होऊन पाय हलवत होता. त्याच्या कानावर यातलं काही गेलं नाही. काटेसाहेबांच्या मनात मात्र एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. मागच्या वर्षी प्रत्येक चढाच्या माथ्यावर मेहुण्याची पाहिलेली वीस-वीस मिनिटांची वाट. स्वतःची सकाळी धरणारी कंबर. आणि एकच उरलेली ऊब.

"तू हलकी घे," ते मेहुण्याला म्हणाले. "जड मी वाहतो."

वाक्य अगदी खरं होतं. त्यातला एक शब्दही कोणाला खोडता आला नसता. खोटेपणा होता तो न बोललेल्या भागात, आणि तो भाग ऐकणारा एकटा वरचा देव होता.

मेहुण्याचे डोळे भरून आले. "दाजी, माझ्या छातीची काळजी करून तुम्ही जड घेतलीत?"

काटेसाहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. घरी गेल्यावर मेहुण्याने ती गोष्ट बहिणीला दोनदा सांगितली. ती नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने बघत राहिली की त्यांनी ताटातून मान वर काढली नाही.

पहिला मुक्काम एका तळ्याकाठी झाला. सकाळी काटेसाहेब उठले ते गरम पाठीने. शेजारी मेहुणा अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे चढवून गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. गादीखाली त्याने रेनकोट, रिकाम्या पिशव्या, नकाशासुद्धा अंथरला होता.

"झोप लागली का रे?"

"झकास!" मेहुणा म्हणाला आणि खोकला.

त्या दिवशीचा चढ लांब होता. माथ्यावर थांबलेल्या काटेसाहेबांना वळणापलीकडून आधी खोकला ऐकू येई, मग सायकल दिसे. मेहुणा मात्र उतरत नव्हता. चेहरा लालबुंद, तरी पायडल मारतोय.

"अरे, ढकलत आण ना!"

"नाही दाजी, जमेल!"

संध्याकाळी पाइनच्या झाडांखाली तंबू लागला. काटेसाहेबांनी आपली गादी पुढे केली. "आज तू यावर झोप."

"छे! दिवसभर ओझं तुम्ही वाहायचं आणि सुख मी घ्यायचं?" मेहुण्याने तेवढ्यात बहिणीला फोनही लावला. "ताई, तुझा नवरा देवमाणूस आहे गं! आता स्वतःची गादीही देतोय."

पलीकडून ताईचं हसू ऐकू आलं. काटेसाहेबांना ते चाबकासारखं लागलं. चूक गुपचूप सुधारायला जावं, तर आणखी एक हार गळ्यात पडत होता.

फोन बंद होताच ते खाली बसले. "ऐक. हलकीत ऊब नाही. दुकानातल्या बाईने मला सांगितलं होतं. गरम गादी एकच होती, ती मी घेतली. कंबरेसाठी घेतली. आणि तू हलका झालास तर मला माथ्यावर थांबावं लागणार नाही म्हणून."

मेहुण्याच्या हातातली, गादीत हवा भरायची पिशवी हळूहळू रिकामी होत गेली.

"हळू चालवतो म्हणून राग होता, तर तोंडावर सांगायचं ना दाजी," तो म्हणाला. "मी आज चढावर का उतरलो नाही, माहितेय? दाजींनी आपलं वजन घेतलं, आता तरी त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून. सबंध दिवस मीच स्वतःला शिव्या घालत होतो."

काटेसाहेबांनी हात जोडले.

"ते राहू द्या," मेहुणा म्हणाला आणि जड गादी ओढून घेतली. "ताईला मी काही सांगणार नाही. ते काम तुमचं."

त्या रात्री जमिनीतली थंडी काटेसाहेबांच्या कंबरेत एकेक मणका मोजत चढली. शेजारचा खोकला थांबला तेव्हाच त्यांचे डोळे मिटले.

सकाळी मेहुण्याने चारशे साठ ग्रॅम स्वतःच्या सायकलला बांधले. परतीच्या चढावर तो खाली उतरला आणि ढकलू लागला. काटेसाहेबही उतरले आणि त्याच्या मागून चालत राहिले.

घरी बायकोने हसतमुखाने दार उघडलं. मेहुण्याने गुंडाळलेली गादी तिच्या हातात दिली, दाजींकडे एकदा पाहिलं आणि हात धुवायला निघून गेला.

"हीच ना ती जड?" तिने गादी तळहातावर तोलून बघितली. "फार जड वाटत नाही हो."

"बस जरा," काटेसाहेब म्हणाले. बूट काढायचेही राहिले होते. "आत काय आहे ते खरं सांगतो."