होळीवरचं लाकूड

रामहरीनं पटका गुंडाळला, पायताणात पाय सरकवले आणि तो बारामतीच्या वाटेला लागणार, तेवढ्यात बायको फुलाबाई आडवी आली.

"कुठं?"

"फौजदाराकडं. चरकाचा दांडा न्येलाय पोरांनी. बैल काय माझ्या मानेला जुंपू?"

गुऱ्हाळ ऐन भरात, दीड एकर ऊस अजून उभा, आणि बैल जुंपायचं लांब लाकूडच होळीला गेलेलं! पिंपळीत होळीला लाकडं चोरायची, ज्याचं गेलं त्यानं पोटभर शिव्या द्यायच्या, पण तक्रार करायची नाही, होळीवरचं परत उचलायचं नाही, अशी रीत. पण कालव्याच्या पाण्यामागं सासवडाहून आलेल्या या माळ्यांच्या दारातली साधी गोवरी सहा वर्षांत कुणी उचलली नव्हती. उपरेच ते. जमिनीच्या खंडाची मुदत पाडव्याला संपत होती, आणि यंदाही गावानं आपलं म्हटलं नाही तर सासवड गाठायचं, हे फुलाबाईनंच ठरवलं होतं.

"द्वारकाबाईचं दार न्येलं. ती गेली का फौजदाराकडं?"

"तिचं गाव हाय."

"आन् आपलं कुठलं?"

रामहरी वळला आणि मारुतीपुढं गेला.

होळी रचून तयार होती. सगळ्यात वर त्याचा दांडा, बारा हात लांब, तेल पिऊन काळा झालेला. रामहरीला बघून माणसं वळली.

"लाकूड तुमचं दिसतंय, रामहरी," मानसिंग पाटील अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पोरांना कळलं न्हाय. तुमी भायेरची माणसं, तुमाला आमची रीत न्हाय. उचला, अजून पेटवली न्हाय."

रामहरीनं दांड्याला हात घातला. लोक बाजूला सरले. त्यानं दांडा धरला, हलवला आणि होळीत आणखी आत रेटला. मग मागं सरून उलटा हात तोंडावर नेला आणि बोंब ठोकली. पहिली फाटकीच निघाली.

"अगं बया, कोल्हं वरडतंय का काय!" द्वारकाबाई म्हणाली, आणि सगळे हसले. रामहरीनं दुसरी ठोकली, वर चोरट्यांच्या सात पिढ्यांना शिव्या हासडल्या.

पाटलांनी होळी पेटवली.

सकाळी शेजारचा हिंदुराव कुऱ्हाड घेऊन दारात उभा.

"दांडा माझ्याच पोरानं न्येला. बांधावर बाभळ हाय सरळ. चल, तोडू."

"ओलं लाकूड चालंल?" रामहरी म्हणाला.

"यंदाचा ऊस निघंल तेवढ्यावर. पक्कं व्हईल ते पुढल्या हंगामाला."

फुलाबाई चुलीपुढून उठून दारात आली.

"मग जरा जाडच तोडा," ती म्हणाली.