क्रेनवाल्याची डावी किडनी

मी किडनी बोलतेय. डावी. पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला माझं बिऱ्हाड. मूठभर जीव माझा. पलीकडे उजवी बहीण. दोघी मिळून आमच्या माणसाचं रक्त अखंड गाळत असतो. पोटासारखं गुरगुरणं आम्हाला येत नाही, की काळजासारखं धडधडून लक्ष वेधणं जमत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. निदान फार नाही.

आमचा माणूस पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. छताखालच्या केबिनमध्ये बसून मणामणाचे पत्रे असे अलगद उतरवायचा, की खालचे लोक माना वर करून बघत राहायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे. पण केबिनमध्ये चढण्याआधी दोन सिगारेटी, उतरल्यावर तीन, आणि पाळी सुटली की बाटली. "थकवा जातो," म्हणायचा. त्याचा जायचा, तो आमच्या वाट्याला यायचा. धुरानं आमच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसायच्या. दारू अंगातलं पाणी ओढून घ्यायची, वर रक्तदाब चढवायची. ते दाबातलं रक्त आमच्या नाजूक गाळण्यांवर आदळायचं. एकेक गाळणी निकामी होत गेली, आणि गेलेल्या जागी नवी येत नाही.

निरोप धाडायचा आमचा मार्ग एकच, लघवी. अंगात राहायला हवीत ती प्रथिनं तिच्यातून निसटू लागली, फेस येऊ लागला. त्यानं न बघता पाणी सोडलं. कारखान्यात दरवर्षी तपासणी असते, तेव्हा तरी कळेल, असं मी बहिणीला म्हटलं.

पण क्रेनवाल्यांची एक रीत होती. तपासणीत काही निघालं तर केबिन जायची. म्हणून आपल्याऐवजी लघवीचा नमुना द्यायला जो तो कचेरीतला एखादा धडधाकट माणूस धरून ठेवायचा. कचेरीतल्यांना तपासणी नसे. आमच्या माणसानं गोदामातले एक कारकून धरले होते. सुपारीचंही व्यसन नाही म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे.

"गुरुजी, तेवढं दान करा," म्हणत हा तपासणीची रिकामी बाटली पुढे करायचा.

"अरे, माझ्या पुण्याईवर किती वर्षं जगणार आहेस?" म्हणत गुरुजी ती भरून द्यायचे.

पाच वर्षं आमच्या नावानं 'सर्व ठीक' असा शेरा येत राहिला.

यंदा कारखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लघवीत साखर आहे. बरीच आहे."

घरी बायकोनं लगेच साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला. "अहो, आजपासून चहा बिनसाखरेचा."

हा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं. साखर गुरुजींची होती. हल्ली त्यांना सारखी तहान लागायची, हे त्याला आठवलं. सांगावं तर केबिन जाणार, न सांगावं तर गुरुजी आतून पोखरले जाणार. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. दारू मात्र उतरली.

तिसऱ्या दिवशी तो गुरुजींना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. "ती साखर यांची आहे. माझी बाटली तुमच्याकडे कधी आलीच नाही."

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या.

गुरुजींना औषधं सुरू झाली. आणि पाच वर्षांनी माझा निरोप कुणीतरी वाचला. आमची निम्म्याहून जास्त ताकद गेली होती.

"मशीनवर रक्त शुद्ध करायची वेळ अजून आलेली नाही," बाई म्हणाल्या. "पण सिगारेट आणि दारू आज सुटायला हवी. उद्यापासून म्हणू नका."

सोबत आलेली बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "माझी एक काढून द्या ना यांना."

"आधी त्यांना स्वतःच्या दोन सांभाळू द्या."

त्या वेळी मला फार भरून आलं.

आता केबिन गेली. तो खाली उभा राहून नव्या क्रेनवाल्याला हातानं इशारे करतो. अकरा आठवडे सिगारेट नाही. दारू एकदा झाली, ती त्यानं स्वतःच बायकोला सांगितली. रक्तदाबाची गोळी वेळेवर येते. आम्ही दोघी उरलेल्या बळावर गाळतोय, आणि किती दिवस निभेल ते आम्हालाही ठाऊक नाही.

बाबा रे, गुरुजींसाठी तू खरं बोललास. स्वतःसाठी बोलला असतास का, हे मी तुला विचारणार नाही. माझा तुझ्यावर राग नाही, तुझ्याशिवाय मला आहेच कोण? जसा त्यांच्यावर जीव लावलास, तसा थोडा आमच्यावर लाव. आमच्यासाठी खरं बोलायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी येणार नाही.