दुसऱ्याच नावाची सायकल

सेव्हेरीनो लुनार्दोनच्या हातात जादू आहे, असं इटलीतल्या ब्रेंता नदीच्या दोन्ही काठांवर म्हणत, आणि तोही ते ऐकून गालातल्या गालात हसायचा, नाही म्हणायचा नाही. जुन्या शर्यतीच्या सायकली रंगवणं हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. गंजून भंगारात निघालेली फ्रेम त्याच्या शेडमध्ये टाकायची आणि महिन्याभराने न्यायला यायचं, तर ती नवरीसारखी नटून उभी असायची. आता एवढं सांगतोच आहे तर पुढचंही सांगून टाकतो. त्या महिन्याभरात कधीकधी फ्रेमचं नावही बदललेलं असायचं.

म्हणजे असं, की आत जाताना ती कुठल्यातरी खेड्यातल्या कारागिराची फ्रेम असायची आणि बाहेर येताना ओर्सानी. ओर्सानीचा कारखाना कधीच बंद पडलेला, पण त्या नावासाठी जर्मनीपासून जपानपर्यंत शौकीन जीव टाकायचे. सेव्हेरीनोला त्यात काही गैर वाटत नव्हतं. वाटत असलं तरी त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. ओर्सानीवाले तरी सगळ्या फ्रेमा स्वतः कुठे बनवायचे? याच गावांतल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि वर आपलं स्टिकर लावायचे. मग त्यांनी लावलं तर खरं आणि मी लावलं तर खोटं, हे कुठलं शास्त्र, असं तो बारमध्ये पेला हातात घेऊन विचारायचा. सगळे हसायचे. फक्त इलारियो हसायचा नाही. इलारियो म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, फ्रेमा बनवणारा, ज्याने ओर्सानीसाठी स्वतः शंभरेक फ्रेमा केल्या होत्या. एकदा तो एवढंच म्हणाला होता, की त्यांनी मला विचारून लावलं. मग उठून घरी गेला होता.

त्या इलारियोची बायको देल्फिना मार्च महिन्यात एका सोमवारी सेव्हेरीनोच्या शेडमध्ये आली. येताना मळ्यातल्या लाल कडू भाजीची जुडी घेऊन आली, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जाणं तिला जमायचं नाही. बसली नाही. कोट न काढता उभ्यानेच बोलली. टेकडीवरच्या सायकलवाल्यांच्या देवळात, जिथे गेलेल्या स्वारांच्या सायकली भिंतीवर टांगतात, तिथे नवीन पाद्री आला होता आणि त्याने तिच्या गेलेल्या लेकीसाठी, नीवेससाठी, जागा द्यायचं कबूल केलं होतं. जागा होती, सायकल नव्हती.

"तू तिचा सांतोलो, धर्मपिता," देल्फिना म्हणाली. "बाप्तिस्म्याला तुझ्या हातावर होती ती. सगळे जुने सायकलवाले तुझ्या ओळखीचे. शोध ना. मी चौऱ्याहत्तरची झाले, सेव्हेरीनो. तिची एक वस्तू तरी डोळ्यांसमोर टांगलेली बघून जाऊ दे मला."

तो "बघतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

नीवेस ही इलारियो-देल्फिनाची एकुलती एक. एकोणीस वर्षांची होती. मुलींच्या शर्यतीत पुढच्या साली हिचंच नाव होणार असं पैज लावून सांगणारे लोक होते. बापाने तिच्यासाठी एक फ्रेम बनवली, हँडलखालच्या सांध्यात पोलाद कोरून 'एन' हे अक्षर आरपार काढलं. रंग सेव्हेरीनोने दिला. पोरीला नासपतीच्या सालीचा रंग हवा होता. तिने तीनदा रंग परत करायला लावला, सांतोलो हे पिकलेलं झालं, सांतोलो हे कच्चं झालं, आणि चौथ्यांदा त्याच्या गळ्यात पडली. पुढच्या शरद ऋतूत ग्राप्पा डोंगराच्या उतारावर धुक्यात ती गेली. सायकलीला दोन ओरखडे आले होते, बस्स. इलारियोला सहन झालं नाही ते तेच. पोर गेली आणि ही धड परत आली. देल्फिना बहिणीकडे फेल्त्रेला गेली असताना त्याने ती भंगारवाल्याच्या गाडीत टाकून दिली. देल्फिना परत आली तर खुंटी रिकामी. वर्षभर ती नवऱ्याशी शब्द बोलली नाही, आणि नंतर बोलायला लागली ती या एका विषयाला वळसा घालूनच. तीस वर्षं तो वळसा चालू होता.

सेव्हेरीनोला ती सायकल शोधायची गरज नव्हती. ती कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी गास्तोने नावाचा व्यापारी दहा-बारा फ्रेमा घेऊन आला होता, त्यात ती होती. रंग उडालेला, गंज चढलेला, पण 'एन' जसाच्या तसा. सेव्हेरीनोने तो पाहिला आणि खाली बसला. गास्तोने बडबडत होता, हिचा ओर्सानी फार सुरेख होईल, काम पाहिलंस का सांध्यांचं, ओसाकाचं एक गिऱ्हाईक वाटच बघतंय. तेव्हाच सांगायचं होतं, की बाबा ही राहू दे, ही माझ्या पोरीची आहे. तोंडच उघडलं नाही. गास्तोने नेहमीचा माणूस, त्याला दुखवायचं कसं? शिवाय इलारियोने आपल्या हाताने टाकलेली वस्तू त्याच्यासमोर परत आणायची तरी कशाला? असलं काय काय मनाशी म्हणत त्याने आपणच दिलेला नासपतीचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, 'एन'च्या खिडकीत पितळ भरलं, कानस मारून सपाट केलं आणि वर ओर्सानीचा निळा चढवला. मग ही फ्रेम आणि हा रंग मूळचा ओर्सानीचाच आहे, असं जाणकार म्हणून कागदावर लिहून खाली सही ठोकली. माणूस एकदा घसरायला लागला की मधे थांबत नाही, हे काही मी नव्याने सांगायला नको.

देल्फिना गेल्यावर त्याने गास्तोनेला फोन लावला. ओसाकाच्या माणसाचा पत्ता मिळाला. ती सायकल अजून त्याच्याकडेच होती, आणि गास्तोनेने सांगितलं, की बाबा, तो ती विकणार नाही, काचेच्या कपाटात ठेवलीय त्याने, पण ओर्सानी नाही असं सिद्ध झालं तर उद्या परत पाठवेल, तसला फार काटेकोर माणूस आहे. म्हणजे वाट सरळ होती. एक पत्र लिहायचं. मी खोटं लिहिलं होतं, सही माझी आहे, रंगाखाली 'एन' आहे, खरवडून बघा.

सेव्हेरीनोने पत्र लिहिलंही. चार दिवस ते टेबलावर पडून राहिलं. तो येता-जाता त्याच्याकडे बघायचा. पत्र गेलं की गास्तोने बुडणार, आणि मग गास्तोने काय गप्प बसेल? आजवरच्या सगळ्या सायकली उकरल्या जातील. एकाहत्तराव्या वर्षी गावभर आपलं नाव थुंकलं जाईल. आणि ते पत्करलं तरी इलारियोला काय सांगायचं, देल्फिनाला काय सांगायचं? सायकल सापडली कुठे, तर ती मीच लपवली होती? पाचव्या दिवशी त्याने पत्र शेगडीत घातलं.

आणि मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. शेडच्या माळ्यावर त्या काळची, त्याच मापाची एक बेवारशी फ्रेम होती. तिच्या हँडलखालच्या सांध्यात त्याने बारीक कानशीने 'एन' कोरला. दोन दिवस कोरत होता, बोटं सोलून निघाली. रंगाची जुनी वही काढली, त्यात नासपतीचं माप अजून लिहिलेलं होतं, तिन्ही खाडाखोडींसकट. रंग अगदी तोच उतरला. ओला रंग दिव्याखाली चमकायला लागला तेव्हा तो म्हातारा शेडमध्ये एकटा उभा राहून ढसाढसा रडला. खोटी का होईना, पोर समोर आल्यासारखी वाटली त्याला. मग रंग वाळल्यावर त्याने दोन ओरखडे काढले, जिथे होते तिथेच.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी तो सायकल घेऊन त्यांच्या अंगणात गेला. पादोव्हाकडच्या एका भंगारवाल्याच्या कोठारात मिळाली, असं सांगायचं ठरवून गेला होता, पण देल्फिनाने सांगूच दिलं नाही. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, थबकली, आणि सरळ येऊन गुडघ्यांवर बसली. 'एन'वरून तिने बोट फिरवलं. मग त्या थंड नळीला गाल लावला आणि नीवेसशी बोलायला लागली, आपल्या पोरीशी बोलावं तसं, हळू आवाजात, की किती उशीर केलास गं, किती वाट बघितली. सेव्हेरीनोला बघवेना. त्याने मान फिरवली तर दारात इलारियो उभा होता.

इलारियो जवळ आला. वाकून त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने, नुसती बाजूला घ्यावी म्हणून, सायकल उचलली. उचलली आणि तशीच अधांतरी धरून राहिला. श्वासभर असेल. मग हळूच खाली टेकवली.

देल्फिनाने ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं. "तीच आहे ना रे? मला सगळं धूसर दिसतंय. तू सांग, तू बनवलेली."

"तीच," इलारियो म्हणाला. "आपलीच आहे."

ज्या माणसाने आयुष्यात एक खोटा सांधा जोडला नाही, ओर्सानीवाले घाई करायचे तरी ज्याने फ्रेम कच्ची दिली नाही, त्याने हे म्हटलं. देल्फिना त्याच्या कमरेला मिठी मारून रडली. तीस वर्षांनी रडली त्याच्या अंगावर. त्याला माफ केलं, हात दाबून माफ केलं, ते तिने तोंडाने सांगितलंही, आणि इलारियो तिच्या केसांवरून हात फिरवत सेव्हेरीनोकडे बघत राहिला.

जेवून जा म्हणत ती मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळायला आत गेली. तीन थाळ्या मांडल्याचा आवाज सेव्हेरीनोला ऐकू आला. निघावंसं वाटत होतं त्याला.

"अठ्ठेचाळीस किलोंची पोर होती," इलारियो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तिच्यासाठी मी त्या वेळी मिळणारी सगळ्यात पातळ नळी घेतली होती. दोन बोटांवर उचलायची ती. ही कुणाची आहे?"

सेव्हेरीनोने सांगितलं. सगळं सांगितलं. गास्तोनेचं, पितळेचं, सहीचं, ओसाकाच्या काचेच्या कपाटाचं, पत्राचंसुद्धा. सांगताना त्याला वाटत होतं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. इलारियो लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"'एन' शाबूत होता, तुझ्याकडे आली तेव्हा?"

"होता."

"भरायला किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

इलारियोने मान हलवली, जणू कामाचा हिशेब बरोबर जुळत होता. मग त्याने विचारलं, की ते पत्र पाठवलं असतं तर ती खरोखरच परत आली असती का? सेव्हेरीनो म्हणाला, आली असती. अजूनही येईल. आजच लिहितो, गावात तोंड काळं झालं तरी चालेल, लिहितो. तो खरंच लिहिणार होता. त्या क्षणी तरी नक्की लिहिणार होता.

"आणून ठेवू कुठे?" इलारियो म्हणाला. "गेल्या आठवड्यात येऊन बोलला असतास, तर मी पायी गेलो असतो तिला आणायला. देल्फिनासमोर तुझी बाजू घेतली असती, मूर्खा, मीही टाकलीच होती ना ती. आता तिने या सायकलीला जवळ घेतलंय. आता पोरीची सायकल दारात आली, तर तिची देल्फिनाला काय म्हणून ओळख करून देऊ? ही खरी, आणि तू जिच्याशी बोललीस ती कुणीच नव्हती, असं सांगू?"

सेव्हेरीनोने आपणच काढलेल्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"लिहू नकोस," इलारियो म्हणाला. "राहू दे तिला तिथेच. काचेत आहे म्हणालास ना. धूळ तरी बसत नसेल."

एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, आणि सेव्हेरीनोची त्यांवर हात ठेवायची छाती झाली नाही. आतून देल्फिनाने हाक मारली, की या रे दोघे, गार होतंय. आणि येताना तिलाही आत आणा, बाहेर एकटी ठेवू नका.

इलारियोने बाहीने डोळे पुसले, उठला, आणि ती जड सायकल उचलून घरात घेऊन गेला.