आदर गाळून

शामराव देशकरांचं वार्षिक व्याख्यान म्हणजे निवेदिताच्या डोक्याला ताप. वकिली सुटली तरी त्यांच्या अंगातला काळा कोट उतरला नव्हता. रायपूरच्या कोर्टात काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नसे, पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात कोण काय म्हणालं ते तोंडपाठ. शहरातल्या तात्यापारा वस्तीतल्या मराठी लोकांच्या स्नेहवर्धक मंडळाचे अध्यक्ष तेच, त्यामुळे वक्ताही तेच निवडत, आणि दर वर्षी नाव त्यांचंच निघे.

यंदाचा विषय होता भिन्नमत. "तिथे नऊ न्यायमूर्तींतले आठ एकीकडे गेले तरी नववा आपला विरोध लिहितो," शामराव टेबलावर बोट आपटत म्हणाले. "फारच संताप आला, तर भर कोर्टात वाचून दाखवतो! शेवटी 'आदरपूर्वक असहमत' लिहायचा रिवाज आहे. खरा चिडलेला न्यायमूर्ती त्यातला आदर गाळून टाकतो. याले म्हणतात लोकशाही. आपल्याकडे आहे कोणात ही धमक?"

टाळ्या पडल्या. निवेदितानं हात मांडीवरच ठेवले. गेल्या महिन्यात याच हॉलमध्ये याच माणसानं काय केलं होतं, ते ती विसरली नव्हती. दर शनिवारी ती इथे मुलांना मराठी शिकवायची. मराठीत विचारलं की पोरं हिंदीत उत्तर द्यायची, तरी हळूहळू जीभ वळू लागली होती. शामरावांनी ठराव मांडला की वर्ग बंद, हॉल लग्नांना भाड्यानं द्यायचा. तिनं 'माझा विरोध नोंदवा' म्हटलं, तर ते चक्क हसले.

"काहून वाद करून राहिली, पोरी? मंडळात पहिल्यापासून सगळे ठराव सर्वानुमते होतात. तुझ्यासाठी रीत मोडू काय?"

सचिव नरेशनं मान खाली घालून लिहिलं, सर्वानुमते मंजूर. बाकीचे शूरवीर समोशाची चटणी शोधत राहिले.

मंडळाची आणखी एक रीत होती. भाषण पुरुषांनी ठोकायचं, आभार बाईनं मानायचे. आज पाळी निवेदिताची होती.

ती माईकपाशी गेली. "वक्त्यांचे आभार. संताप आला तर विरोध सगळ्यांसमोर वाचायचा, हे त्यांनीच शिकवलं. तर ऐका. वर्ग बंद करायले माझा विरोध होता. तो लपवून तुम्ही खोटं लिहिलं. साता समुद्रापलीकडचा विरोध ज्यांना गोड लागतो आणि समोरच्या खुर्चीतला खुपतो, त्यांची मले कीव येते. मी असहमत आहे."

आदरपूर्वक हा शब्द तिनं उच्चारला नाही. नुकतंच व्याख्यान ऐकलेल्या सगळ्यांना तो गाळलेला कळला.

शामरावांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "ते अमेरिकेचं झालं, बाई. हे मंडळ आहे. वर्ग बंद म्हणजे बंद."

तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी, अर्चनाकाकू, उठल्या. दर व्याख्यानाला त्या तिथे बसून निमूटपणे पेंगत आल्या होत्या.

"निवेदिता, शनिवारी पोट्ट्यांले आमच्या घरी आण. यांची बैठकीची खोली चांगली मोठी आहे."

"अगं, मले विचारलं काय?" शामराव ओरडले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नरेश, लिहून घे," त्या म्हणाल्या. "सर्वानुमते."