रिकाम्या चौकटीतली रेघ

“जे नाही, तेही लिही पोरी. आणि जे दिलं नाहीस, ते का दिलं नाहीस, तेही लिही.”

हा आवाज सायराकान एजेंचा; एजे म्हणजे आमच्याकडे मोठी ताई. मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅड आहे, किर्गिझस्तानातल्या नारीन शहराच्या रुग्णवाहिकेतला. अक्रोडाची फळी, वर लोखंडी चिमटा. माझ्यावर रुग्णाचं कार्ड लावून एजे तेवीस वर्षं लिहीत आल्या. ताप नाही. उलटी नाही. इंजेक्शन दिलं नाही, कारण रक्तदाब खाली. एकवेळ चहा राहील, हा नेम नाही. तेव्हा डॉक्टर मला आदराने हातात घेत.

एजे निवृत्त झाल्या आणि रिकाम्या चौकटीत आडवी रेघ ओढून सगळे मोकळे होऊ लागले. रेघ म्हणजे काय हो? त्रास नव्हता, की विचारलंच नाही? औषध नको होतं, की विसरलात? संताप होतो माझा!

त्या सकाळी जुमाश आजोबांच्या छातीत कळ आली. सून म्हणाली, “परवा रक्ताची उलटी झाली हो त्यांना.” एजेंच्या हाताखाली शिकलेल्या नुरझामालने हातातली अ‍ॅस्पिरिन परत ठेवली. रक्त पातळ करणारी गोळी ती. बरोबरच केलं. निघताना सुनेला म्हणाली, “जे होईल ते मी स्वतः येऊन सांगेन.”

पण गाडी हादरत होती, पुढचा फोन वाजत होता. गोळीच्या चौकटीत तिने रेघ ओढली, मला इस्पितळात टेकवलं आणि धावली. डॉक्टरांनी रेघ पाहिली. “विसरली वाटतं,” म्हणत गोळी दिली. दुपारी आजोबा रक्त ओकून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णवाहिका केंद्राच्या मुख्यांच्या टेबलावर होतो. समोर उभ्या नुरझामालला ते म्हणाले,

“रेघ खोड. लिही, रुग्णाने गोळी नाकारली. म्हातारा काय भांडायला येतोय?”

“आणि सून विचारायला आली, बाय्के?” मुख्यांना दादा म्हणावं तसं बाय्के म्हणत तिने विचारलं.

“तिला काय कळतंय औषधातलं!”

“तिनेच तर सांगितलं होतं. मी ऐकलं. लिहिलं नाही.”

रेघ न खोडता नुरझामालने खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: ‘रक्ताची उलटी झाली होती, म्हणून गोळी दिली नाही. हे काल लिहायचं राहिलं. चूक माझी.’

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवा चिमटा नको. माझ्यावर रेघा ओढू नका, एवढंच करा.

नुरझामालने डोक्याला रुमाल बांधला, मला काखेत घेतलं आणि जुमाश आजोबांच्या घराची वाट धरली.