उत्तरेचा कठडा

आई म्हणून मागितली तेव्हा माधुरी कर्णिकला गच्चीची चावी मिळाली नाही. विद्यार्थिनी म्हणून मागितली तेव्हा मिळाली.

सोसायटीचा कारभार असाच असतो. तिने आधी तोंडी विचारलं, मग रडून विचारलं, एकदा तर जिन्यात उभं राहून भांडून विचारलं. दर वेळी कमिटी एका सुरात म्हणायची, "वहिनी, समजून घ्या जरा." मग एक दिवस तिने मीटिंगमध्ये कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र टेबलावर ठेवलं. 'सदर विद्यार्थिनीस निरीक्षणासाठी मोकळ्या गच्चीची आवश्यकता आहे.' खाली सही आणि जांभळा गोल शिक्का. पत्र हातोहात सगळ्यांकडे फिरलं. रडणाऱ्या बाईला नाही म्हणायला जमलं होतं, पण शिक्क्याला नाही कसं म्हणायचं हे कुणालाच सुचेना.

"पण काकूंनी एकटीने नको हं जायला," सहाव्या मजल्यावरची शीतल म्हणाली, आणि सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले.

"मी जाईन सोबत," सेक्रेटरी कुंडलिक शेजवळ म्हणाले.

एकटीने का नको, ते कुणी बोललं नाही. मागच्या डिसेंबरात संध्याकाळी माधुरीचा केयूर त्याच गच्चीवरून पडला होता. वय चोवीस. मुलुंड पूर्वेची सात मजल्यांची इमारत, खाली सायकलस्टँडचा पत्रा. पडला, असाच शब्द इमारतीत वापरायचे, आणि त्याला आधार होता शेजवळांच्या जबाबाचा. केयूर त्यांना जिन्यात भेटला, हातात मोबाइल होता, म्हणाला, "काका, आज सनसेट झकास आहे, फोटो काढतो." मग वाकला असेल, तोल गेला असेल. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं आणि फाइल मिटली.

दुसऱ्या मजल्यावरचं कर्णिकांचं घर तेवढ्या एका वाक्यावर उभं होतं. नोकरी सुटल्यापासून केयूर खोलीबाहेर फारसा येत नव्हता, आंघोळीलासुद्धा दोनदा हाक मारावी लागायची, हे माधुरी विसरली नव्हती. पण सनसेट झकास आहे असं म्हणणारा मुलगा जीव देत नाही. द्यायचाच असता तर त्याला आभाळाकडे बघायचं सुचलंच नसतं. माधुरीला तिथे उभं राहून तो सूर्य एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा होता. बस, एवढंच.

म्हणून हा कोर्स. पुण्याकडच्या एका कॉलेजचा, पहिल्या वर्षाचा, 'खगोलशास्त्राची ओळख', सगळा ऑनलाइन. जाहिरातीत काय काय शिकवणार त्याची भलीमोठी यादी होती; माधुरीने वाचली ती फक्त शेवटची अट. 'घराजवळ गच्ची अथवा मैदान असणे आवश्यक.' बी.कॉम. होऊन तीस वर्षं झाली होती आणि विज्ञानाशी संबंध दहावीलाच तुटला होता, पण फी भरणाऱ्याला तिथे कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी तास. गंधाली मॅडम वयाने केयूरएवढ्या, केस वर बांधलेले, मागे भिंतीवर पृथ्वीचा फोटो. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. माधुरी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर लॅपटॉप ठेवून बसायची. विश्वाच्या जन्माचा तास चालला असताना तिचा माइक चालू राहिला आणि कुकरने लागोपाठ शिट्ट्या दिल्या.

"कुणाच्या तरी घरी महास्फोट झालेला दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

माधुरी हसली. हसून झाल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि तिने माइकबरोबर कॅमेराही बंद केला.

सत्रभराचा प्रकल्प साधा होता. दर रविवारी सूर्य मावळताना बघायचा आणि क्षितिजावर कुठे मावळला ते चित्रात ठिपक्याने दाखवायचं. "एकच अट," मॅडमनी बजावलं, "जागा बदलायची नाही. जागा बदललीत तर सूर्य सरकला की तुम्ही सरकलात, कळणार कसं?"

माधुरीने जागा कधीच ठरवली होती. गच्चीचा उत्तरेचा कठडा, बरोबर सायकलस्टँडच्या वर. पहिल्या रविवारी शेजवळ हाशहुश करत प्लास्टिकची खुर्ची घेऊन चढले आणि ती तिच्या नि कठड्याच्या मध्ये मांडून तिच्यावर बसले.

"वहिनी, कठड्यापासून जरा लांबच."

"भाऊ, मी उडी नाही मारणार."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुमची खुर्ची म्हणतेय."

सुरुवातीचे रविवार ढगांनी खाल्ले. सप्टेंबर सरता सरता आभाळ उघडलं आणि एका रविवारी तो दिसला. कठड्याच्या रेषेतच, नॅशनल पार्कच्या डोंगराच्या पाठीवर टेकलेला, तांबडालाल. कठड्यावरून किंचित वाकलं की अगदी समोर. म्हणजे फोटो काढायला वाकावंच लागतं. माधुरी बघतच राहिली. सगळं जुळत होतं. पोरगं शेवटी काहीतरी सुंदर बघत होतं. शेजवळांनी तिच्या पदराला नकळत धरून ठेवलं होतं, ते तिला नंतर कळलं.

खाली आल्याआल्या ती नवऱ्याला म्हणाली, "दिसतो हो. जरा वाकलं की थेट समोर."

नंदकुमार डिसेंबरपासून टीव्हीसमोर बसून होते. टीव्हीवर काय लागलंय ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी आवाज बंद केला. "रंग कसा होता?"

तिने सांगितला. ते उठले, कपाटावरून धूळ खाल्लेली पट्टी नि पेन काढलं. सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून केलेला माणूस. तिने मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून त्यांनी क्षितिज उतरवलं: डोंगराची पाठ, तिच्या डावीकडे बिल्डिंगांचे दात, मग मोबाइलचा टॉवर. कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. त्यानंतर दर रविवारी ती वरून आली की नंदकुमार पेन उघडून तयार असायचे. "हं, कुठे?" ती बोट ठेवायची, ते ठिपका द्यायचे. ऑक्टोबरपासून ते रविवारी दाढी करायला लागले.

ठिपके डावीकडे सरकत होते. "पळतोय की गडी," नंदकुमार म्हणाले. माधुरीलाही मजा वाटली, पुढच्या शनिवारच्या तासापर्यंत.

त्या शनिवारी मॅडमनी पृथ्वीचा कललेला आस समजावला. एक संत्रं हातात धरून टेबललॅम्पभोवती फिरवलं. म्हणाल्या, मावळायची जागा आता रोज दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला सरकत जाणार. बावीस डिसेंबरच्या आसपास ती सगळ्यात टोकाला असेल, मग परत फिरेल.

माधुरीने लॅपटॉपवरून मान वर केली. समोर फ्रिज. तिने ठिपक्यांमधलं अंतर बोटाने मोजलं आणि तेवढंच पुढे मोजत गेली. बोट टॉवर ओलांडून गेलं. कागदावर तिथे मोकळी जागा होती. गच्चीवर तिथे पाण्याची टाकी आड येत होती.

त्या सत्रात पहिल्यांदाच तिने आपणहून माइक चालू केला.

"मॅडम, एखाद्या वर्षी तो असा सरकला नाही, असं होतं का हो?"

"म्हणजे काकू?"

"म्हणजे समजा, मागच्या वर्षी. डिसेंबरातसुद्धा इथेच मावळला असेल. डोंगरावर."

कुणीतरी हसरा चेहरा पाठवला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "नाही काकू. दर वर्षी त्या तारखेला तिथेच. म्हणून तर आपल्याला कॅलेंडर करता येतं. चांगला प्रश्न आहे."

दिवाळी झाली. त्यानंतरच्या रविवारी सूर्य खाली आला, टाकीच्या कडेला चिकटला आणि आत गेल्यासारखा नाहीसा झाला. टाकीची कड तेवढी थोडा वेळ पेटल्यासारखी दिसली. शेजवळ आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत होते. माधुरी चालत टाकीला वळसा घालून दक्षिणेच्या कठड्यापाशी गेली. तिथून तो स्वच्छ दिसत होता, मोठा, बिल्डिंगांच्या मधोमध. बघून ती परत आली.

"भाऊ, डिसेंबरात तो आणखी तिकडे जातो."

"कोण?"

"सूर्य."

शेजवळ खुर्चीतच बसून राहिले.

"फोटो काढायचा तर माणूस त्या कठड्याला जाईल. इथे कशाला येईल?"

"तरुण पोरं, वहिनी. काहीतरी अँगल बिंगल…"

"फोन त्याच्या खिशात होता, भाऊ. चेन लावलेल्या खिशात. मला पोलिसांनी दिला तेव्हाच दिसलं होतं. मी बघितलं नाही असं केलं."

शेजवळांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं रिव्हर्सचं गाणं वाजत होतं.

"काहीच बोलला नाही तो," शेजवळ म्हणाले. "जिन्यात भेटलाच नाही. माझ्या घरी आला, चावी द्या म्हणाला, केबल हलवून बघतो. मी चहा पीत होतो. उठलोसुद्धा नाही. खिळ्याला आहे बघ, म्हटलं."

"आणि सनसेट?"

"पोलीस विचारायला लागले. नंदकुमार तिथे पत्र्याशेजारी जमिनीवर बसलेला. ते बघून तोंडातून निघून गेलं. मग फिरवता येईना."

माधुरीने शिव्या द्यायला तोंड उघडलं. समोर सत्तरीचा माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शिव्यांची वाट बघत बसला होता.

"उठा," ती म्हणाली, "गुडघा आखडेल."

घरी नंदकुमार पेन उघडून उभे होते. गालाला साबणाचा वास. "हं, कुठे?"

तिने टॉवरच्या डावीकडे बोट ठेवलं. "इथे."

त्यानंतरच्या रविवारी शेजवळांनी न सांगता खुर्ची दक्षिणेच्या कठड्यापाशी नेऊन मांडली. माधुरी तिथून बघायची, खाली येऊन नंदकुमारांना बोटाने दाखवायची. मॅडमना मात्र तिने खरं कळवलं, जागा बदलावी लागली. मॅडमनी लिहिलं, कारण द्या. तिने लिहिलं, टाकी.

वर्षश्राद्ध आटोपलं त्या दिवशी नंदकुमार दुपारी म्हणाले, "आज मीही येतो वर."

शेजवळांच्या कानावर ते गेलं असावं. ते चहाच्या वेळेला दारात आले, आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, कुलूप बिघडलंय म्हणून सांगू का?"

"नको."

"मग काय सांगणार त्याला?"

"मला माहीत नाही, भाऊ."

नंदकुमार त्या गच्चीवर वर्षभरात गेले नव्हते. तरी वर आल्यावर कुणाला न विचारता सरळ उत्तरेच्या कठड्याशी गेले. खालची जागा त्यांनीच बघितली होती. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले, थोडा वेळ तसेच राहिले. मग मान वर करून सूर्य शोधायला लागले. उजवीकडे डोंगर होता, नुसता. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडून डोळ्यांसमोर धरला.

"हा डोंगर. हा टॉवर. मग याच्या डावीकडे…"

बोट कागदावरून सरकलं आणि नजर टाकीवर जाऊन थांबली. टाकीच्या मागे उजेड होता. ते एक पाऊल मागे आले, मग पुढे, पुन्हा मागे. जन्मभर रेषा जुळवलेला माणूस. त्याला कुणी समजवायची गरज नव्हती.

"माधुरी, हे ठिपके इथून काढलेले नाहीत."

ती टाकीकडे बघत होती.

"भाऊ," नंदकुमार शेजवळांकडे वळले. "तो फोटो काढायलाच आला होता ना?"

शेजवळांनी तोंड उघडलं आणि माधुरीकडे बघितलं. तिला दिसत होतं, तिने नुसती मान हलवली की हा माणूस हो म्हणेल. अँगल म्हणेल, तरुण पोरं म्हणेल, मरेपर्यंत म्हणत राहील. रविवारची दाढी चालू राहील. कागद परत फ्रिजवर जाईल, पुढच्या वर्षी ठिपके उजवीकडून डावीकडे येतील, आणि डिसेंबर आला की ती पुन्हा टाकीमागे जाऊन उभी राहील, एकटी.

"नाही हो," ती म्हणाली. "नव्हता."

नंदकुमारांनी कागदाची घडी घातली. नीट, जुन्या रेषेवर. शेजवळांनी दक्षिणेच्या कठड्यापासची खुर्ची घाईने आणून त्यांच्या मागे ठेवली, ते तिच्यात बसले. टाकीची कड पेटली आणि विझली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीनंतर."

"आणि तू मला ठिपके काढायला लावलेस." त्यांचा आवाज चढला. वर्षभरात पहिल्यांदा. "माझ्या हाताने लावलेस! काय समजलीस मला?"

"तुम्ही दाढी करायला लागला होतात," माधुरी म्हणाली.

तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं. लिफ्ट कुणीतरी खाली अडवून ठेवली होती, म्हणून जिन्याने निघाले. नंदकुमार पुढे, जिन्याच्या कठड्याला धरून, माधुरी एक पायरी मागे. शेजवळ वरच थांबले.

सहाव्या मजल्यावर शीतल दार उघडून उभी होती. चेहऱ्यावर वर्षभर जपून ठेवलेलं, आजारी माणसासमोर करतात तसलं हसू.

"दिसला ना काका? छान दिसतो म्हणे आपल्या गच्चीवरून."

नंदकुमार थांबले. त्यांना दम लागला होता. माधुरीला वाटलं, हो म्हणतील, सुटतील.

"नाही," ते म्हणाले. "तो उभा होता तिथून डिसेंबरात सूर्य दिसतच नाही."

शीतलचं हसू तसंच राहिलं, काढायचं कसं ते तिला कळेना. नंदकुमार पुढची पायरी उतरले. पाचव्या मजल्याचं दारही उघडंच होतं.